शेवटची ओळ सोडून

माझ्या खिडकीसमोर कोणीही आनंदाने उभं राहत नाही. शेजारची खिडकी जन्मनोंदणीची. तिथे लोक हसत येतात, बाळाच्या नावावरून आपसांत थोडे भांडतात आणि पुन्हा हसत जातात. माझी खिडकी मृत्यूनोंदणीची. तेवीस वर्षं मी तिथे बसून लोकांना ‘मयताशी आपलं नातं काय?’ एवढंच विचारत आलो आहे. परिणामी ओळखीचे लोक मला लग्नाला बोलावतात, पण पहिल्या रांगेत बसवत नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरीतल्या बऱ्यावाईट नोंदी जिच्यात होतात ती माझी सेवापुस्तिका तेवीस वर्षं कोरी स्वच्छ होती, आणि लवकरच रिकाम्या होणाऱ्या हेडक्लार्कच्या खुर्चीवर माझा डोळा होता. ‘होती’ आणि ‘होता’ हे शब्द मी विचार करून लिहिले आहेत.

आणि हे सगळं मुलीला घरी वाचायला शिकवण्यापायी झालं.

कल्पना आईची. आई आमच्या पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर असायची. तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टर तिला तपासून निघाले, की मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत जायचो आणि ते खालच्या पायरीवर उभे राहून दबक्या आवाजात बोलायचे. त्या दिवशी ते म्हणाले, “तीन महिने. फार तर चार.” मी चेहरा नीट करून आत आलो, तर आई म्हणाली, “तीन म्हणाला की चार?”

आईने चाळीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घातल्या. घड्या घालता घालता जे पान समोर येईल ते ती वाचायची. त्यामुळे तिला शेकडो पुस्तकांचे मधले भाग पाठ होते आणि एकाचाही शेवट माहीत नव्हता. कोण कुठल्या दरीत लोंबकळतोय, कुणाचं पत्र भलत्याच्या हातात पडलंय, हे ती आम्हाला जेवताना सांगायची. पुढे काय झालं विचारलं, की म्हणायची, “पुढचं दुसऱ्या टेबलावर गेलं.” आता तिची नजर गेली होती. वर्तमानपत्राचा मथळासुद्धा दिसत नव्हता. मला ती म्हणाली, “ठकूला वाचायला शिकव. मला तिच्या तोंडून ऐकायचंय.”

ठकू म्हणजे माझी मुलगी. तिला नुकतं पाचवं लागलं होतं. मी बालवाडीच्या बाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, “घोकंपट्टी नको. घरात शब्द दिसू द्या. वस्तूंना चिठ्ठ्या लावा. रोज मांडीवर घेऊन, ओळीवर बोट फिरवत गोष्ट वाचा. बाकी ती आपली आपण करेल.” एवढंच ऐकून मी घरी आलो असतो आणि तेवढंच केलं असतं, तर आज हेडक्लार्क असतो.

चिठ्ठ्यांना जाड कागद हवा. नेमकं त्याच आठवड्यात कार्यालयात परिपत्रक आलं, की मृत्यूनोंदणीचा जुना नमुना रद्द, नवा छापून येतो आहे, जुने अर्ज रद्दीत काढावेत. जुना नमुना म्हणजे उत्तम जाड कागद, एका बाजूला छापील आणि मागची बाजू दुधासारखी कोरी. आमच्या घरात पाठकोरा कागद टाकणं पाप समजलं जातं. मी पन्नास अर्जांचं एक अख्खं पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी आणलं. प्रत्येक अर्जावर अनुक्रमांक छापलेला होता, पण रद्दीला कसला आलाय अनुक्रमांक, असं मी स्वतःला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दार, खिडकी, पंखा, मीठ, साखर, मोरी, आरसा. मी ठळक अक्षरात लिहीत गेलो आणि चिकटवत गेलो. कारकुनाचा हात असल्यामुळे कुठल्या क्रमांकाच्या अर्जावर कुठला शब्द, याची वहीसुद्धा ठेवली. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला निकाल एका ओळीत लिहायची सवय आहे. ती म्हणाली, “घराला गोवर आलाय.” पुढे एका सकाळी तिने ‘बाबा’ अशी चिठ्ठी माझ्या पाठीवर चिकटवली आणि मी तसाच कामावर गेलो. दिवसभर कार्यालयातले लोक माझ्याशी नेहमीपेक्षा आदराने बोलत होते. मला वाटलं, हेडक्लार्कच्या जागेची बातमी फुटली.

पण ठकू शिकत होती, हे खरं. तीन आठवड्यांत ती चिठ्ठ्या धडाधड वाचायला लागली. मग त्या एका पेटीत मिसळून दिल्या तरी वाचायला लागली. मग रस्त्यावरच्या पाट्या. काना नाही, मात्रा नाही असे साधे शब्द तर ती चालता चालता उचलायची. मी तिच्यासाठी बारा पानांचं चित्रांचं पुस्तक आणलं. एका कासवाची छत्री हरवते, अशी गोष्ट. आठवडाभरात ती पहिलं पान वाचेल, असा माझा अंदाज होता.

त्या रविवारी डॉक्टर आले होते. समोरच्या काकू आल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आले होते. आई उशीला टेकून बसली होती आणि बरीच खुशीत होती. ती म्हणाली, “एक अख्खं पान हिच्या तोंडून ऐकलं, की मी सुटले. मग खुशाल जाईन.” काकूंनी डोळे टिपले. मास्तर म्हणाले, “वा.” ठकू कॉटच्या पायथ्याशी बाहुलीला पांघरूण घालत होती.

सोमवारपासून ठकूने वाचणं बंद केलं.

बंद म्हणजे पार बंद. मी पुस्तक उघडलं, की ओठ मिटून बसायची. ‘दार’ दाखवलं, तर दाराकडे बघायची. ‘हे काय लिहिलंय?’ विचारलं, तर म्हणायची, “माहीत नाही.” दोन दिवस मी हसलो. तिसऱ्या दिवशी चिडलो. चौथ्या दिवशी घाबरलो. आईच्या तीन महिन्यांपैकी दोन उरले होते, आणि ते कुणी वाढवून देणार नव्हतं.

संकट आलं, की आधी शेजारी येतात. काकू त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या आणि त्याला वर्तमानपत्र वाचायला बसवलं. पोराने पहिल्या पानावरची अर्धी बातमी न अडखळता म्हटली. मी सहज पान उलटलं, तरी तो तीच बातमी म्हणत राहिला. काकू म्हणाल्या, “बघा, लक्ष किती.” मग मास्तर खाली उतरले. त्यांनी ठकूला चार दिवस पाटीवर गिरवायला लावलं आणि पाचव्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोर मठ्ठ आहे. वाईट वाटून घेऊ नका. मठ्ठ माणसंही नोकरीला लागतात.” हे म्हणताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते.

डोळ्यांचे डॉक्टर झाले. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. ठकूने सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा ओळखलं नाही. त्यांनी भिंगावर भिंगं बदलली, कपाळ पुसलं आणि शेवटी एक हलकासा नंबर लिहून दिला. “असू द्या, नुकसान तर नाही,” ते म्हणाले. चष्मा आला. ठकूने तो बाहुलीला लावला. मग कानांचे डॉक्टर झाले. त्यांनी यंत्रं लावून पाहिलं आणि माझ्यावरच वैतागले. “हिला शेजारच्या खोलीतलं कुजबुजलेलंसुद्धा ऐकू येतं. तुम्ही इथे कशाला आलात?” तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. काखेत कळसा घेऊन मी गावाला वळसा घालत होतो.

आई रोज विचारायची, “आज वाचलं का रे तिने?” आणि मी रोज सांगायचो, “उद्या.” उद्या हा शब्द त्या खोलीत किती भारी होता, हे मला बोलून झाल्यावर कळायचं.

शेवटी मी पुन्हा बालवाडीच्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “वस्तूंचा कंटाळा आला असेल. माणसं आवडतात मुलांना. ओळखीच्या माणसांची नावं लिहा.” सल्ला उत्तमच होता. मी उरलेल्या अर्जांवर ‘काकू’, ‘मास्तर’, ‘सेक्रेटरी काका’, ‘दूधवाला’ असं लिहिलं आणि जाता-येता ठकूच्या नजरेस पडावं म्हणून त्या त्या माणसाच्या दारावर, त्याची परवानगी घेऊन, चिकटवलं. दूधवाल्याला स्वतःचं दार नसल्यामुळे त्याचा कागद जिन्याच्या कठड्याला लावला. ‘आजी’ हा कागद आईच्या कॉटच्या डोक्याशी लावला. जिना नावांनी भरला. लोकांना कौतुक वाटलं. काकू तर म्हणाल्या, “आमच्या दाराला आजवर कुणी नाव दिलं नव्हतं.”

चौथ्या दिवशी ओल आली आणि सेक्रेटरी काकांच्या दारावरचा कागद सुटून पालथा पडला.

सेक्रेटरी काका म्हणजे आमच्या इमारतीचा कारभार बघणारे गृहस्थ. त्यांना वाऱ्याची, जिन्याची आणि मीठ घातलेल्या पदार्थांची भीती होती. आदल्याच आठवड्यात त्यांनी छातीची तपासणी करून घेतली होती आणि निकाल यायचा होता. त्यांनी कागद उचलला. वर छापलेलं होतं, ‘मृत्यू नोंदणी अर्ज’. खाली, ‘मयत व्यक्तीचे नाव’. त्यांनी तो उलटला. मागे माझ्या, म्हणजे मृत्यूच्या खिडकीवरच्या कारकुनाच्या, सुवाच्य अक्षरात त्यांचंच नाव. ते पायरीवर बसले, ते बसलेच.

मी कामावरून आलो तेव्हा सगळी इमारत माझ्या दारात उभी होती आणि ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा अर्ज होता. मास्तर म्हणाले, “याला अनुक्रमांकसुद्धा आहे.” काकूंनी आपला कागद घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंच्या कागदाशी ताडून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. “माझा नंबर सासूबाईंच्या आधी कसा लावलात तुम्ही?” मी खुलासा केला, पाठकोरा कागद म्हणजे काय ते सांगितलं, बालवाडीच्या बाईंचं नाव घेतलं. कुणी ऐकलं नाही. सेक्रेटरी काका त्यांच्या उघड्या दारातून, अंथरुणावरूनच ओरडले, “मी लेखी देणार.”

त्यांनी थेट माझ्या कार्यालयात लेखी दिलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे त्याच दिवशी कार्यालयात दुसरं परिपत्रक आलं. नवा नमुना छापून यायला विलंब असल्याने जुनाच नमुना पुढील आदेशापर्यंत वापरावा, आणि शिल्लक अर्जांचा क्रमांकवार तपशील आठ दिवसांत कळवावा.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. मी घरून सोलून आणलेले आणि शेजाऱ्यांनी परत केलेले कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. साहेब गंभीर माणूस आहेत. ते एकेक कागद पुढूनही बघत होते आणि मागूनही.

“हा मोरी कोण?” त्यांनी विचारलं.

“साहेब, ती जागा आहे.”

“आणि हे बाबा?”

“तो मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा कागद घेतला. मोजून झाल्यावर ते म्हणाले, “एकोणपन्नास भरले. क्रमांक ४१७८ नाही. कोरा, शिक्का न मारलेला, वापरता येण्याजोगा अर्ज बाहेर आहे, हे लक्षात येतंय ना तुमच्या? उद्या कुणी जिवंत माणसाच्या नावाने भरला तर? आठ दिवसांत हजर करा. नाहीतर सेवापुस्तिकेत नोंद होईल आणि मग त्या खुर्चीचं विसरा.”

मी घरी येऊन वही काढली. ४१७८ पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘आजी’. कॉटच्या डोक्याशी फक्त डिंकाचा चौकोन उरला होता. मी कॉट हलवली, गादी उचलली, आईला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. आई म्हणाली, “अरे, मला शोधतोयस की कागद?” बायको म्हणाली, “केरात नाही. मी बघितलं.” मग माझं लक्ष ठकूकडे गेलं. ती दारापाशी उभी होती आणि माझ्या प्रत्येक हालचालीकडे बघत होती.

“ठकू, आजीचा कागद कुठे आहे?”

“माझ्याकडे.”

“आण बघू.”

“नाही.”

मी आवाज चढवला. माझी तेवीस वर्षं त्या कागदावर होती. “का नाही?”

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मग म्हणाली, “त्याच्या मागे मयत लिहिलंय.”

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मीच वाचलं. म, य, त. सोपं आहे.” काना नाही, मात्रा नाही. त्या अख्ख्या अर्जावर एवढ्या मुलीला वाचता येतील असे तीनचारच शब्द होते, आणि त्यातला एक तो होता. “आईला विचारलं, मयत म्हणजे काय. आई म्हणाली, गेलेलं माणूस. मग मी आजीचा काढून घेतला.”

“आणि बाकीच्यांचे?”

“बाकीच्यांचे राहू दिले,” ठकू म्हणाली.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी ठकूला जवळ ओढलं. “मग तुला वाचता येतं? इतके दिवस येत होतं? मग वाचत का नव्हतीस गं?”

तिने कॉटकडे पाहिलं आणि अगदी हळू, मला एकट्याला सांगावं तशी म्हणाली, “आजी म्हणाली ना. मी अख्खं पान वाचलं की ती जाणार.”

डोळ्यांचे डॉक्टर, कानांचे डॉक्टर, मास्तर, चष्मा. मी त्या पोरीला महिनाभर ओढत नेलं आणि ती महिनाभर दात-ओठ घट्ट मिटून आजीला धरून बसली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. बायकोने दारातूनच निकाल दिला. “डोळे ठीक. कान ठीक. बापाचं डोकं तपासा.”

कॉटवरून आईचा आवाज आला. “ठकू, इकडे ये. मी काय म्हणाले होते? नीट आठव. अख्खं पान म्हणाले होते ना?”

“हो.”

“मग अख्खं नको वाचूस. शेवटची ओळ ठेव.”

ठकूने विचार केला. तिला यात फसवणूक दिसेना. “मग तुला गोष्ट कशी कळणार?”

“चाळीस वर्षं शेवट न कळता मी घरी येत होते,” आई म्हणाली. “मला सवय आहे.”

ठकूने कासवाचं पुस्तक आणलं. ४१७८ त्याच्या मधोमध ठेवलेला होता. मी तो पाहिला आणि तिथेच राहू दिला. तिने बोट ठेवलं आणि वाचलं, प्रत्येक अक्षरावर थांबत, श्वास घेत, सात ओळींपैकी सहा. सातवीवर तळहात ठेवला. आईने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, “आणि कासवाने पोलिसात तक्रार दिली.”

“नाही आजी, तसं नाहीये.”

“मग कसं आहे?”

ठकूने ओठ मिटले.

तेव्हापासून हा रोजचा कार्यक्रम झाला. दररोज एक पान, शेवटची ओळ सोडून. प्रत्येक पानाची शेवटची ओळ आई स्वतः जोडायची. कासव परदेशी गेलं, कासवाला नोकरी लागली, कासव मास्तरांच्या घरी भाड्याने राहायला लागलं. बारा पानं संपली की पुन्हा पहिलं. ठकूचं वाचन सुधारत गेलं आणि आईचा आवाज बसत गेला. शेवटी शेवटी ती नुसती बोट हलवायची आणि ठकू ओळखायची की आज कासव कुठे गेलं. एका दुपारी ठकू बालवाडीत असताना आईने मला विचारलं, “काय रे, ते कासव खरंच घरी पोचतं का?” मी पुस्तक उचललं, तर म्हणाली, “राहू दे. तिच्याशी ठरलंय माझं.”

साहेबांचे आठ दिवस केव्हाच उलटले होते. मी अर्जावर अर्ज देऊन मुदत वाढवून घेत होतो. मला रोज वाटायचं, आज ठकूकडून तो कागद मागून घ्यावा, आणि रोज ती तो पुस्तकात नीट ठेवताना दिसायची. डॉक्टरांचे तीन महिने संपले, चार संपले. जिन्यातल्या खालच्या पायरीवर डॉक्टर म्हणाले, “आश्चर्य आहे.” मी त्यांना कारण सांगितलं नाही. त्यांच्या शास्त्रात ते बसलं नसतं.

एका मंगळवारी दुपारी आई गेली. झोपेत, कुणाला न सांगता.

ठकूला मी बालवाडीतून आणलं. ती कॉटपाशी गेली, बराच वेळ उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

“बाबा, मी शेवटची ओळ वाचली नव्हती.”

“माहीत आहे मला.”

“कालपण नाही वाचली.”

“माहीत आहे गं. मी ऐकत होतो.”

“मग?”

तेवीस वर्षं मी ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना भरून घेत आलो आहे. कुणी चुकीचं लिहिलं, तर परत पाठवत आलो आहे. त्या दिवशी मी तिला सांगितलं, की आजीचं हृदय थकलं होतं, वाचण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, कधीच नव्हता. तिने ऐकून घेतलं. पण तिला ते पटलं नाही, हे मला दिसत होतं. तिने पुस्तक फडताळात सगळ्यात खाली ठेवून दिलं आणि पुन्हा वाचणं बंद केलं. या वेळी मी तिला कुठल्याही डॉक्टरकडे नेलं नाही. जुन्याच्या जागी दारावर लावलेला ‘दार’ हा नवा कागदही मी काढून टाकला.

पाचव्या दिवशी मी माझ्याच खिडकीसमोर, पण बाहेरच्या बाजूला, रांगेत उभा राहिलो. आत बदलीवर बसलेला सहकारी होता. त्याने मान खाली घालून विचारलं, “मयताशी आपलं नातं काय?” मी म्हटलं, “मुलगा.” हा प्रश्न इतका कोरडा आहे, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

साहेबांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका, पण एक सुचवतो. तो ४१७८ घरातच असणार. सापडला असेल तर आईंची नोंद त्याच अर्जावर करा. अर्ज रीतसर वापरला गेला, क्रमांक जुळला, प्रकरण बंद. खुर्चीचं मी बघतो.” साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मनापासून सुचवलं होतं, आणि हिशोबाने ते अगदी बरोबर होतं. एका सहीत सगळं मिटत होतं.

मला पुस्तकातला तो कागद दिसला. एका बाजूला माझ्या ठळक अक्षरात ‘आजी’. दुसऱ्या बाजूला तो रकाना, जो रिकामा राहावा म्हणून चार-साडेचार वर्षांच्या पोरीने कार्यालयाशी, शेजाऱ्यांशी, दोन डॉक्टरांशी आणि माझ्याशी झुंज दिली होती.

“सापडला नाही साहेब,” मी म्हटलं.

“नीट शोधलंत?”

“नीट शोधलं. गहाळ आहे.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असावं. त्यांनी टेबलावरचा दुसरा, साधा अर्ज माझ्याकडे सरकवला आणि मी तो भरला. अक्षर नेहमीइतकं चांगलं आलं नाही.

पंधरा दिवसांनी हेडक्लार्कच्या खुर्चीवर जन्माच्या खिडकीवरचा माणूस बसला. तो मिठाई घेऊन आला आणि मी ती खाल्ली. त्याच दिवशी ताकीदपत्राची प्रत माझ्या हातात पडली. घरी येऊन मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि कपडे बदलायला गेलो. सेक्रेटरी काकांचा छातीचा निकाल उत्तम आल्याचं बायको आतून सांगत होती.

परत आलो तर ठकू खुर्चीवर गुडघे टेकून त्या पत्रावर वाकली होती. तिचं बोट ओळीवर होतं. मी दारातच थांबलो.

“अर्ज क्रमांक,” ती वाचत होती, “चार, एक, सात, आठ. गहाळ.” तिने मान वर केली. “गहाळ म्हणजे?”

“सापडत नाही तो.”

“पण तो तर आपल्या पुस्तकात आहे.”

“हो.”

“साहेबांना माहीत नाही?”

“नाही.”

तिने पत्रावरचा तो आकडा बोटाने पुन्हा एकदा गिरवला. “मग नको सांगूस,” ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली. अवघड शब्द तिने सोडून दिले, काही अर्धेच घेतले, पण बोट उचललं नाही. सरकारी भाषेतलं ते पान इतक्या मायेने आजवर कुणी वाचलं नसेल. खाली सहीच्या वर एकच ओळ उरली, तेव्हा ती थांबली. तिने सवयीने त्या ओळीवर तळहात ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, ही वाचू?”

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. खुर्ची अगदी चिकटून ओढून घेतली.

“वाच,” मी म्हटलं. “मी कुठे जात नाही.”

तिने हात हळूच बाजूला केला. दुसऱ्या हाताने माझा सदरा मुठीत घट्ट धरला आणि वाचलं, “या, पु, ढे. यापुढे. काळजी. घ्यावी.”

मग मान वर करून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि बराच वेळ तिने सदरा सोडला नाही.